कळा किती सोसायच्या, हे कोणी ठरवायचे?

जिंतूर तालुक्यातील एका गावातून एका वाचक भगिनीने पाठवलेले पत्र थोडक्यात असे आहे:

‘माझे वय २४ असून मला आठवा महिना लागला आहे. पहिले बाळंतपण असल्यामुळे ओटीभरण करून मला माहेरी आणले आहे. मागच्या वर्षी माझी मोठी बहीण बाळंत झाली तेव्हा ती ओरडली म्हणून तिच्या मांडीवर चापट मारण्यात आली. ती आजही हे सांगताना रडते. तेव्हापासून मला कळांपेक्षा त्या खोलीचीच जास्त भीती वाटते. कंबरेत इंजेक्शन देऊन कळा कमी करतात असे ऐकले, म्हणून घरात विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, “आम्ही पाच लेकरं घरीच काढली, सुई नाही की सलाईन नाही. कळा सोसल्याबिगर माय होत असते व्हय?” मावशी म्हणते की त्या इंजेक्शनाने जन्मभर कंबर धरते. तालुक्याच्या डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, “ते इथे होत नाही. नॉर्मल नाही झाली तर सिझर करू.” यांचे म्हणणे, आई सांगेल तसे. मी जास्तच नाजूक आहे का? आणि हे ठरवायचे कोणी?’

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कळांवर औषध घ्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे. तुमची तब्येत पाहून काय शक्य आहे आणि कशात धोका आहे ते डॉक्टरांनी सांगायचे, घरच्यांनी पाठीशी उभे राहायचे, पण होकार किंवा नकार तुमचा. आणि तुम्ही नाजूक नाही. मी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात २६ वर्षे परिचारिका होते. दातांत पदर धरून, तोंडातून अवाक्षर न काढता बाळंत झालेल्या बायका मी पाहिल्या, आणि उन्हातान्हात कापसाची ओझी वाहणाऱ्या बायका चौथ्या-पाचव्या कळेलाच हातपाय गाळून बसलेल्याही पाहिल्या. बाळाचे डोके कसे वळले आहे, कळा आपोआप आल्या की सलाईनमधून आणल्या, आदल्या रात्री झोप झाली होती का, शेजारी कोण आहे, अशा कितीतरी गोष्टींवर दुखणे अवलंबून असते. बाईच्या धीटपणाचे माप त्याला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे.

खोलीच्या भीतीविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचले. निवृत्तीनंतर एकदा आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडत असताना एका बाईने मला ओळखले. तिचा मुलगा तेव्हा दहावीला होता. कळा कशा होत्या हे तिला नीटसे आठवत नव्हते, पण त्या रात्री माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका सहकारी बाईने तिला जे सुनावले होते, “नवऱ्यापाशी जाताना गोड वाटलं, आता कशाला बोंबलतीस”, ते तिला शब्दन् शब्द पाठ होते. मी त्या रात्री तिथेच होते आणि गप्प राहिले होते. ते गप्प राहणे मला आजही सलते, म्हणूनच तुमच्या पत्राला इतके सविस्तर उत्तर देत आहे. तुमच्या बहिणीला मारलेली चापट कोणत्याही वैद्यकीय उपचारात बसत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सरकारी प्रसूतिगृहातील सन्मानाची वागणूक आणि बाईचा आडोसा या गोष्टी दर्जाच्या निकषांमध्ये धरलेल्या आहेत. त्या कोणी केलेल्या मेहरबानीच्या नाहीत.

आता कंबरेतल्या इंजेक्शनाविषयी. त्याला एपिड्युरल म्हणतात आणि ते भूलतज्ज्ञ देतात. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवतात किंवा पाय खाली सोडून, पाठीला बाक देऊन बसवतात. कमरेची थोडी त्वचा बधिर करतात. दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून सुई आत नेतात, तिच्यातून एक अगदी बारीक, मऊ नळी सरकवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत राहते ती ही नळी. तिच्यातून बधिर करणारे औषध कमी मात्रेत, थोडे थोडे दिले जाते आणि साधारण १५ ते २० मिनिटांत कळेची धार बोथट होते. बाई जागी असते, बोलते, पोट घट्ट होते आहे हे तिला पुष्कळदा जाणवतेही. सिझरच्या वेळी पाठीत बहुधा एकदाच टोचून जी भूल देतात ती वेगळी. त्यात अर्धे अंग काही तास पूर्ण बधिर होते, आणि आपल्याकडे या दोन्हींना ‘कंबरेतलं इंजेक्शन’ हे एकच नाव पडल्यामुळे गोंधळ होतो.

मावशींच्या सांगण्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही, कारण ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ज्या बायका ती सांगतात त्यांची कंबर खरोखरच दुखत असते. परंतु एपिड्युरलची इतर उपायांशी तुलना करणाऱ्या ४० चाचण्यांचा, ज्यांत ११,००० हून अधिक स्त्रिया होत्या, कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला, त्यात एपिड्युरलमुळे दीर्घकाळची पाठदुखी वाढल्याचे आढळले नाही. सुई टोचल्याच्या जागी काही दिवस ठणकते, एवढे खरे. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती ज्यांनी सुई पाहिलीही नाही त्यांचीसुद्धा. गरोदरपणात सांधे सैल झालेले असतात, त्यात वाकून बाळाला पाजणे आणि सव्वा महिना संपतो न संपतो तोच पाण्याचे हंडे उचलणे सुरू होते. त्याच आढाव्यानुसार एपिड्युरलमुळे सिझरचे प्रमाण वाढत नाही. जुन्या चाचण्यांमध्ये चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून प्रसूती करण्याची वेळ जास्त वेळा आली होती. २००५ नंतरच्या, म्हणजे कमी मात्रेच्या पद्धतीच्या चाचण्यांमध्ये हा फरक दिसला नाही.

त्याचे दुष्परिणाम आहेत आणि तेही तुम्हाला आधी ठाऊक असले पाहिजेत. रक्तदाब उतरू शकतो, अंगाला खाज सुटते, ताप येऊ शकतो, लघवी तुंबते, पाय जड होतात, बाळ बाहेर ढकलण्याचा टप्पा लांबतो. साधारण शंभरात एका बाईला नंतर काही दिवस उठून बसले की तीव्र डोकेदुखी होते; तिच्यावर उपचार आहे. रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, फार कमी असतील, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा कमरेच्या त्या जागी संसर्ग असेल, तर एपिड्युरल देता येत नाही. तुमचा रक्तदाब वाढत असेल तर प्लेटलेटची तपासणी झाली आहे का, हे आताच विचारून ठेवा.

तालुक्याच्या डॉक्टरांनी “इथे होत नाही” असे सांगितले, यात त्यांचा दोष नाही. ज्या ठिकाणी भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर नाही, ज्या ठिकाणी रक्तदाब आणि बाळाचे ठोके सतत पाहायला माणूस नाही, तिथे एपिड्युरल न देणे हेच योग्य. त्यांचे दुसरे वाक्य मात्र मला पटत नाही. नॉर्मल आणि सिझर यांच्यामध्ये उपायांची मोठी जागा आहे, आणि ती कोणी दाखवत नाही म्हणून कळांच्या धास्तीने स्वतःहून सिझर मागणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. सिझर ही शस्त्रक्रिया आहे; ती जीव वाचवते तेव्हा अवश्य करावी, पण तिचे दुखणे नंतर येते आणि तिचा परिणाम पुढच्या बाळंतपणांवरही होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झाल्याची नोंद आहे, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. या आकड्यांकडे पाहून तरी दुखणे टाळण्याचा मार्ग म्हणून सिझरचा विचार करू नका.

मधल्या जागेतले उपाय कोणते? हुंगायचा वायू हा एक. त्यात अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन असतो. मुखवटा बाईने स्वतःच्या हातात धरायचा आणि कळ सुरू होताच श्वास ओढायचा, कारण असर व्हायला २०-३० सेकंद लागतात. गुंगी जास्त झाली तर हात आपोआप सैल पडतो आणि मुखवटा बाजूला होतो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या डॉ. मिनिट यांनी १९३० च्या दशकात अशा वायूचे सुटसुटीत यंत्र तयार केले आणि १९३६ मध्ये ते प्रशिक्षित सुईणींना वापरण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे डॉक्टरची वाट न पाहता साध्या घरातल्या बाईलाही दिलासा मिळू लागला. आपल्याकडे हा वायू थोड्याच ठिकाणी मिळतो, तरी विचारायला हरकत नाही.

दुसरा उपाय पेथिडिन किंवा ट्रॅमाडॉलसारख्या औषधांच्या इंजेक्शनाचा. त्याने दुखणे पूर्ण जात नाही, पण दोन कळांच्या मध्ये डोळा लागतो. मळमळ होते, आणि विशेषतः पेथिडिन प्रसूतीच्या दोन-चार तास आधी दिले गेले तर बाळ सुस्त जन्मू शकते, त्याचा श्वास मंद असू शकतो. म्हणून ते केव्हा द्यायचे याला महत्त्व आहे. इथे एक सावधगिरी सांगते. ‘पिशवीचे तोंड सैल होण्याचे’ म्हणून जे इंजेक्शन सर्रास दिले जाते, ते बायकांना दुखणे थांबवण्याचे वाटते. ते त्यासाठी नसते. त्याचप्रमाणे कळा वाढवण्याची सलाईन लावली की कळा लवकर-लवकर आणि जोरात येतात, म्हणून ती कशासाठी लावत आहेत आणि त्यासोबत दुखण्यावर काय देणार आहेत, हे दोन्ही विचारा. घरी येऊन कोणी कळांचे इंजेक्शन देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याने गर्भपिशवी फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे वळते. त्यांची पाच बाळंतपणे सुई-सलाईनशिवाय झाली, हे खरे आहे. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, जी तुमच्या बहिणीला मिळाली नाही. त्यांच्या शेजारी ओळखीची सुईण होती. ती रात्रभर उठून गेली नाही, तिने कंबर चोळली, चहा पाजला, उकिडवे बसू दिले, खांबाला धरून उभे राहू दिले. माझी आजी सुईण होती, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. पण त्याच आजीच्या हातून, वार पडल्यावर रक्त थांबेना म्हणून, बैलगाडी जुंपेपर्यंत एक बाई गेली, आणि आजी पुढे कधी त्या गल्लीतून चालली नाही. म्हणून घरी बाळंत होण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही. सुईणीची सोबत आणि रुग्णालयाची सोय, या दोन्ही एका ठिकाणी मिळायला हव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

अशी सोय प्रत्यक्षात आणता येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी, म्हणजे प्रशिक्षित सुईणींच्या सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार परिचारिकांना १८ महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण देऊन, धोका नसलेल्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायची आहे आणि गरज पडताच डॉक्टरांना बोलवायचे आहे. नांदेड-लातूरकडची माणसे उपचारांसाठी ज्या हैदराबादकडे नेहमी धाव घेतात, त्या तेलंगण राज्यात सरकारी रुग्णालयांसाठी असे प्रशिक्षण २०१७ मध्येच सुरू झाले. तुमच्या बाळंतपणाला अशी मिडवाइफ मिळेलच असे मी म्हणत नाही. तुम्हाला मिळेल ती पाळीवरची सिस्टर, जिच्याकडे एकाच वेळी चार बायका असतील. म्हणूनच सोबतीला आपले माणूस असणे फार महत्त्वाचे आहे.

सरकारी रुग्णालयातील प्रसूतिगृहात सोबत बाई असू देण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्येच दिली आहे; आडोशाची व्यवस्था असेल तिथे नवऱ्यालाही थांबता येते. सतत सोबत असलेल्या बाळंतिणींविषयीच्या २६ अभ्यासांचा, १५,००० हून अधिक स्त्रियांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत असलेल्या बायकांच्या कळांचा काळ कमी भरला, औषधाची गरज कमी लागली आणि सिझरही कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही सोबत, हिंडू-फिरू देणे, धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ देणे, शेक आणि मालिश यांचा समावेश आहे, आणि मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल देण्याचाही आहे. पोटावर जोराने दाब देऊन बाळ ढकलणे आणि सरसकट टाके पडतील असा छेद देणे, या दोन्ही गोष्टी करू नयेत असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

सहीविषयी तुम्ही विचारले नाही, पण “आई सांगेल तसे” हे वाक्य वाचून मला ते लिहावेसे वाटते. आपल्याकडे कागद घेऊन सिस्टर बाहेर येते आणि “मालक कुठं गेले?” म्हणून हाक मारते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला आहे की सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिच्या स्वतःचीच लागते. त्या खटल्यातील बाई तपासणीसाठी भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची सही घेऊन तिची गर्भपिशवी काढली गेली होती, आणि तातडीचा धोका नसताना आईची ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा मला हाच निकाल आठवत होता. कळा येत आहेत म्हणून बाईची समज जात नाही. दुखत असताना दिलेला होकार हा होकारच असतो आणि नकार हा नकारच. आधी औषध नको म्हटलेल्या बाईने रात्री दोन वाजता ते मागितले तर तिला तिचे जुने शब्द ऐकवायचे नसतात. ज्या बाईला औषध अजिबात नको आहे, तिच्यावर ते लादणेही तितकेच चूक आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी सोसले, कारण त्यांना दुसरा मार्गच नव्हता. १८४७ मध्ये एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा तिथल्या लोकांनीही कळा सोसणे हे बाईला देवाने लावून दिलेले आहे असाच आक्षेप घेतला होता. १८५३ मध्ये खुद्द राणी व्हिक्टोरियाने ते घेतले आणि आक्षेप हळूहळू मावळला. सासूबाईंना एवढेच विचारा, “आत्याबाई, तुमच्या वेळी सुईण काय काय करायची?” त्या सांगू लागतील, आणि कदाचित पहिल्यांदाच सांगतील. तुमच्या यजमानांशी मात्र वेगळे बोला. कागदावर सही तुमची असेल आणि बाहेर गरज पडली तर तुमचा शब्द पुढे नेण्याचे काम त्यांचे, हे त्यांना आताच समजू द्या.

परभणीला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि तुमच्या गावापासून तो रस्ता कळा सुरू होताच निघाले तर गाठता येण्याजोगा आहे. सरकारी रुग्णालयात २०११ पासून प्रसूती, औषधे, रक्त, सिझर, जेवण आणि ने-आण मोफत आहे. तिथे जाऊन विचारा की भूलतज्ज्ञ रात्री असतो का, एपिड्युरल देतात का, नसेल तर कळांवर कोणते इंजेक्शन देतात, आणि आईला आत बसू देतात का. खासगी ठिकाणी हेच विचारा, त्यासोबत एपिड्युरलचे पैसे वेगळे किती हेही विचारा. मिळालेली उत्तरे तुमच्या माता-बाल कार्डाच्या मागे लिहून ठेवा, आणि त्याखाली तुम्हाला काय हवे आणि काय नको ते तीन ओळींत लिहा. तुमचे रक्त कमी असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा बाळ आडवे असेल, तर रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय जिथे चोवीस तास आहे तेच ठिकाण निवडा. तिथे एपिड्युरल मिळाले नाही तरी चालेल.

आईला आजपासून एक गोष्ट शिकवा. तुम्ही खुर्चीवर उलटे, पाठीच्या बाजूला तोंड करून बसा आणि आईने तुमच्या माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने जोर द्यावा, कळ संपेपर्यंत, म्हणजे साधारण मिनिटभर. बोटांनी चोळून उपयोग होत नाही, अंगाचा भार हातावर घ्यावा लागतो. आईचा हात थकेल, म्हणून मावशींनाही दाखवून ठेवा. मधल्या वेळेत ताक, ज्वारीची पातळ पेज, गोड चहा, जे पोटात टिकेल ते घोट घोट घ्या.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते. येत्या ९ तारखेला आईला सोबत न्या, तपासणी झाली की तिथल्या सिस्टरला विनंती करा, आणि ते प्रसूतिगृह दिवसाउजेडी एकदा आत जाऊन पाहून या: खाट कोणती, पडदा आहे का, आई कुठे बसेल, पिण्याचे पाणी कुठे आहे.